पाठकोरा कागद

फळ्यावरचं अक्षर बदललं होतं. कृष्णात चौगुले शनिवारी सकाळी सव्वासातला मंगळवार पेठेत तालमीच्या चौकात आला तो रोजच्यासारखाच, काखेत पेपर आणि डोक्यात भलतंच काहीतरी घेऊन. चहाच्या गाड्याकडं वळताना नजर सवयीनं फळ्यावर गेली आणि तिथंच अडकली. काय लिहिलंय हे त्यानं अजून वाचलंही नव्हतं. नुसतं अक्षर बघूनच पाय थांबले. तीस वर्षं त्या काळ्या फळ्यावर एकच हात चालत होता. टपोरं, उभं अक्षर, शिरोरेघ पट्टी धरून ओढल्यासारखी. नळाला पाणी कधी येणार नाही, रक्तदान शिबिर कुठं आहे, कुणाची मुलगी फौजदार झाली, कुणाच्या घरचं माणूस गेलं, सगळं त्याच हातानं लिहिलेलं. आजचं अक्षर उजवीकडं उतरत उतरत चौकटीला धडकलं होतं आणि शेवटचे दोन शब्द जागा नाही म्हणून एकमेकांच्या अंगावर चढले होते. मग त्यानं वाचलं. 'आपल्या तालमीचा फळा लिहिणारे आण्णा (आकाराम दादू माने) यांचे गुरुवारी दुःखद निधन झाले. रक्षाविसर्जन आज शनिवारी सकाळी ९ वाजता, पंचगंगा घाट.'

आकाराम दादू माने. हे नाव त्यानं काल संध्याकाळी वाचलं होतं. त्यानं काखेतला पेपर उघडला, पाचवं पान काढलं. 'मंगळवार पेठ : येथील आकाराम दादू माने (वय ८१) यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात मुलगा, सून, नातवंडे असा परिवार आहे. रक्षाविसर्जन उद्या सकाळी नऊ वाजता पंचगंगा घाटावर आहे.' त्यानं एकदा पेपराकडं बघितलं, एकदा फळ्याकडं. ज्या माणसाला रोज सकाळी 'काय आण्णा, आज काय विशेष?' म्हणून हाक मारायची, त्याचं पूर्ण नाव आपल्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या मरणाची बातमी आपल्या डोळ्यांखालून गेली आणि आपण ती ओळखली नाही. आणि दुसरं त्याहून वाईट. उद्या. पेपरात उद्या छापलंय आणि रक्षाविसर्जन आज आहे.

दैनिक पंचधारामध्ये कृष्णातनं तेहेतीस वर्षं काढली होती आणि त्यातली तीस निधनवार्ता बघण्यात. बाकीचे पत्रकार त्या कॉलमाला आपसांत 'पश्चात' म्हणत आणि नवीन आलेल्याला शिक्षा म्हणून तिथं बसवत. कृष्णात बसला तो उठलाच नाही. कोल्हापुरात पेपर पाचव्या पानापासून सुरू होतो हे त्याला पहिल्या वर्षीच कळलं होतं. दिल्लीत सरकार पडो की राहो, आधी कोण गेलं ते बघायचं, मग चहा. लग्नाला नाही गेलं तर माणसं चार दिवस फुगतात, पण तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला नाही गेलं तर जन्मभर ध्यानात ठेवतात. म्हणून अग्रलेखात चूक झाली तर एखादा निवृत्त प्राध्यापक पत्र पाठवायचा, पण निधनवार्तेत चूक झाली तर अख्खी भावकी दारात येऊन उभी राहायची. कृष्णातला या कामाचा अभिमान होता. कुणाला सांगायची सोय नसलेला, पण होता. त्या कॉलमाला कधी कुणाचं नाव लागत नाही. तीस वर्षं लिहूनही या शहरात त्याला लेखक म्हणून कुणी ओळखत नव्हतं, आणि ओळखावं असं काही आपण लिहिलंय असं त्यालाही अलीकडं वाटत नव्हतं.

सदऱ्याच्या खिशात चार घड्या घातलेला एक कागद होता. काल संध्याकाळी पान तपासायला समोर आलं तेव्हा तो त्याच कागदाशी झटत होता. पुढच्या महिन्यापासून निधनवार्तेला माणूस लागणार नव्हता. तसा तो गेले सहा महिने नावापुरताच होता. घरचे लोक मोबाईलवर फॉर्म भरत आणि कॉम्प्युटर त्याची बातमी जुळवत असे. शुद्धलेखन वार्ताहरांपेक्षा चांगलं, वाक्य गुळगुळीत, कुठं बोट ठेवायला जागा नाही. कृष्णातनं फक्त एक नजर टाकून 'ठीक' म्हणायचं. आता ती नजरही नको होती. संपादकांनी बोलावून चहा पाजला, 'तुम्ही संस्थेचा कणा' वगैरे म्हणाले (कणा म्हणाले की समजावं, पाठ टेकायची वेळ आली), आणि दोन वाटा पुढं ठेवल्या. एक, वेळेआधी निवृत्ती. दुसरी, मोबाईलवाल्या टेबलावर बसून तिथल्या निशिगंधा या तरुण पोरीबरोबर काम. कुठली वाट घेणार ते शनिवारपर्यंत लेखी द्या. शनिवार म्हणजे आज. कृष्णातनं पहिली वाट घेतली होती. 'वयोमानानुसार' हा शब्द लिहावा की 'वैयक्तिक कारणास्तव' लिहावं यावर काल अर्धा तास गेला होता, आणि त्याच अर्ध्या तासात आकाराम दादू माने त्याच्या डोळ्यांसमोरून निघून गेले होते.

"आवो, ह्यो फळा आज म्हणतोय आन् पेपर उद्या म्हणतोय, खरं कंचं धरायचं?" गाड्यापाशी उभा असलेला, दुधाचे कॅन घेऊन आलेला एक माणूस विचारत होता.

"पेपरातलंच धरा की," चहावाला म्हणाला. "छापलेलं हाय ते. फळा कुणीतरी गडबडीत लिवलाय. अक्षर बघा की नुसतं, कोंबडीचं पाय."

"तसंच असणार. मग उद्याच जातो घाटावर. आमच्या डेअरीची पाटी आण्णांनीच रंगवल्याली."

कृष्णात पुढं झाला. त्याला वाटलं, आत्ता हा माणूस मला शिव्या देईल तर बरं. पण तो शिव्या देत नव्हता, विश्वास ठेवत होता. "फळा बरोबर हाय," कृष्णात म्हणाला. "पेपर चुकलाय. आजच हाय नऊ वाजता."

"तुमास्नी काय म्हाईत, पावणं?"

"मीच बघितलंतं ते. पेपरात मीच असतो." दूधवाल्यानं त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं, मग कॅन गाडीला अडकवत म्हणाला, "बरं झालं भेटलासा. न्हायतर उद्या मोकळ्या घाटावर जाऊन उभा ऱ्हायलो असतो."

मोकळा घाट. त्या दोन शब्दांसरशी सत्तावीस वर्षं मागं पडलेली एक बाई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिला यायला निमित्त लागत नाही. १९९८ चा मार्च होता. गूळ बाजारातले हमाल गणपतराव बुधवारी वारले आणि त्यांची बातमी कृष्णातनं गुरुवारच्या अंकासाठी लिहिली. आपल्या हातानं, पाठकोऱ्या कागदावर. ऑफिसात कोरा कागद मिळत नसे. जुनी पत्रकं, जाहिरातींचे मसुदे, कुणाकुणाचे अर्ज, ज्यांची एक बाजू वापरून झाली आहे असे कागद गठ्ठा करून ठेवलेले असत आणि सगळा पेपर त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिला जाई. 'रक्षाविसर्जन शुक्रवारी, ता. १३ रोजी सकाळी' असं लिहिलं तर मजकूर एका ओळीनं वाढत होता. त्यानं ते खोडून 'उद्या' केलं. ओळ वाचली. तिशीतल्या माणसाला असल्या हुशारीचं फार कौतुक असतं. मग आयत्या वेळी एक जाहिरात आली, कॉलम राहिला, आणि दुसऱ्या दिवशी, शुक्रवारच्या अंकात, जसाच्या तसा छापून आला. शुक्रवारच्या अंकातलं उद्या म्हणजे शनिवार.

शनिवारी दुपारी ती ऑफिसात आली. तानाबाई. जयसिंगपूरच्या पुढच्या एका गावची, गणपतरावांची थोरली बहीण. घरच्यांनी एसटीतून कुणाच्या तरी हाती निरोप धाडला होता, तो पोचला नव्हता. गावातल्या दुकानात पेपर यायचा, तो शुक्रवारी मास्तरांनी वाचून दाखवला तेव्हा तिला भाऊ गेल्याचं कळलं. "पेपरात उद्या म्हटलंतं म्हून आज आले," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "घाटावर गेलते. तितं कोनच न्हाय. झाडून बिडून मोकळं केल्यालं." तिनं हातातलं फडक्याचं गाठोडं कृष्णातच्या टेबलावर, त्या पाठकोऱ्या कागदांवर ठेवलं आणि सोडलं. शेंगाच्या पोळ्या होत्या. "माझ्या भावाला लई आवडायच्या. निवदाला आनल्याल्या. आता ह्ये कुनाला घालू?" कृष्णात उभा राहिला होता, हात कुठं ठेवावेत ते त्याला समजत नव्हतं. मग तिनंच एक पोळी उचलून त्याच्यासमोर धरली. "तू तरी खा लेकरा." आणि त्यानं ती खाल्ली, तिच्यासमोर, उभ्यानं, सगळी. तिला पेपराची शाई कुणी लावली आणि ओळ कुणी वाचवली हे ठाऊक नव्हतं, आणि सांगायचं धाडस त्याला झालं नाही. दुसऱ्या दिवशी मुख्य उपसंपादकांनी दोन ओळींची दुरुस्ती छापली. बैल गेला आणि झोपा केला. त्या दिवसापासून कृष्णातच्या कॉलमात उद्या हा शब्द आला नाही. वार आणि तारीख, ओळ वाढली तर वाढली. घरात संक्रांतीला शेंगाच्या पोळ्या होतात तेव्हा तो पोट बिघडल्याचं सांगतो.

आणि सत्तावीस वर्षांनी तोच शब्द, त्याच जागी, आपल्याच डोळ्यांखालून. कॉम्प्युटरला बोल लावायचं त्याच्या अगदी ओठावर आलं. घरच्यांनी काल फॉर्ममध्ये 'उद्या' लिहिलं, यंत्रानं ते उचललं आणि आजच्या अंकात ठेवून दिलं. यंत्राला आज आणि उद्या सारखेच. पण हे खोटं होतं, निदान पुरतं खरं नव्हतं. यंत्र समोरच्याला उलट काही विचारत नाही, मिळालं तेवढं जुळवतं, ही त्याची तक्रार होती. आणि तो स्वतः? पूर्वी तो फोनवर विचारायचा. काय करायचे? कशाची आवड होती? मग बातमीत एखादा शब्द जादा पडायचा, 'जुन्या पिढीतील हलगीवादक', 'पंचक्रोशीत विहीर खोदण्यासाठी प्रसिद्ध', आणि पाच ओळींत माणूस उभा राहायचा. हे विचारणं कधी सुटलं ते त्याला नेमकं माहीत होतं. करोनाच्या दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात. पाचवं पान पुरेना म्हणून सहावं, मग सातवं. प्रत्येकाला एक ओळ. नाव, वय, गाव. पश्चात नाही, रक्षाविसर्जन नाही, कारण घाटावर कुणाला यायलाच बंदी. सारखे फोन वाजायचे आणि तो म्हणायचा, 'नाव सांगा, वय सांगा, गाव सांगा, बस्स.' समोरचं माणूस रडत पुढं काही सांगू बघायचं आणि तो फोन ठेवायचा, कारण दुसरा वाजत असायचा. ती साथ गेली. पानं पुन्हा पहिल्यासारखी झाली. पण त्याचं विचारणं काही परत आलं नाही. यंत्र आलं तेव्हा त्याच्या जागी बसायला फार काही शिकावं लागलं नसेल, कारण त्या जागेवर आधीच एक यंत्र बसलेलं होतं. हे आपल्याशी कबूल केल्यावर कृष्णातला वाईट वाटलं, पण खूप दिवसांनी जरा हलकंही वाटलं.

साडेसात होत आले. फळा या चौकापुरता. चुकीचा पेपर मात्र उचगावपासून जयसिंगपूरपर्यंत घराघरांत जाऊन पडला होता. आण्णा पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, गिरण्यांच्या, टेम्पोंच्या मागच्या. हयातभर त्यांनी इतरांची नावं लिहिली, आणि ज्यांची लिहिली ते सगळे उद्या सकाळी मोकळ्या घाटावर येणार होते. कृष्णातनं फोन काढला आणि निशिगंधाला लावला.

तिला फोन करणं सोपं नव्हतं. निशिगंधा सव्वीस वर्षांची, शिरोळकडची, मोबाईलवरच्या बातम्या बघायची. तिकडच्या मुलींसारखी 'मी येतो, मी जातो' असं बोलणारी, आणि मुंबईचा एक पाहुणा संपादक त्याला हसला तेव्हा 'आमच्यात असंच हाय' म्हणून त्याला गप्प बसवणारी. पंधरवड्यामागं ती त्याच्या टेबलाशी स्टूल ओढून बसली होती. "सर, तुमच्या कॉलमात रोज दहा-बारा माणसं येत्यात. त्यातलं रोज एक आपण सांगूया. दोन मिनिटं. तुमच्या आवाजात. लोक ऐकतील ओ." त्यावर तो म्हणाला होता, "मी लिहिणारा माणूस हाय. या वयात मला सोंग घ्यायला लावू नको." तिचा चेहरा पडला होता. त्याला तेव्हाच माफी मागावीशी वाटली होती, पण मोठ्या माणसांना माफी मागायला टपालखात्यासारखा वेळ लागतो.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही 'अरेरे' म्हणाली नाही. मग म्हणाली, "सर, फळ्यापाशीच थांबा. मी आलोच."

दहा मिनिटांत ती मोपेडवरून उतरली. तोवर कृष्णातनं पेपराच्या कडेला दुरुस्तीचा मजकूर लिहून तयार ठेवला होता. 'आजच्या अंकात प्रसिद्ध झालेल्या निधनवृत्तात अनवधानाने...' तिनं वाचला आणि मान हलवली. "ह्ये कोण वाचणार सर? नऊला सव्वा तास हाय. तुम्ही बोला. फळ्यासमोर उभं ऱ्हावा आणि बोला."

"मला न्हाय जमत ते."

"मघाशी फोनवर जमलं की."

तिनं मोबाईल समोर धरला. कृष्णात ताठ उभा राहिला, घसा खाकरला आणि म्हणाला, 'मंगळवार पेठ, येथील आकाराम दादू माने यांचे...' तिनं थांबवलं. "सर, असं न्हवं. त्या चहावाल्याला सांगतोय असं समजा. कोण होते ते?" कोण होते ते. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यानं लोकांना विचारला होता, त्याला कुणी विचारला नव्हता. तो फळ्याकडं वळला. ती वेडीवाकडी अक्षरं, चौकटीला धडकलेली. आणि मग त्याच्या ध्यानात आलं की फळ्याची सगळ्यात खालची ओळ कोरी आहे. ज्यानं कुणी लिहिलं त्यानं शब्द एकमेकांवर चढवले, पण ती ओळ वापरली नाही. आण्णाही वापरत नसत. कृष्णातनं एकदा विचारलं होतं, तर म्हणाले होते, "ती मागनं येणाऱ्याची. फळा भरला आन् कुणाच्या घरात काय झालं तर त्येनं काय करायचं?"

तो बोलायला लागला. आपण बोलतोय हे त्याला जरा उशिरानंच समजलं. आण्णा खडू आदल्या दिवशी पाण्यात भिजत घालायचे, म्हणजे अक्षर उन्हात उठून दिसतं आणि हात लागला तरी पुसत नाही, हे त्यानं सांगितलं. निधनाची बातमी लिहिताना ते पायातलं पायताण काढून बाजूला ठेवायचे. एकदा आपल्याला म्हणाले होते, चौगुले, तुमचा पेपर सकाळी सांगणार, माझा फळा आत्ता सांगतोय. कुणाची पाटी रंगवली की जाता-येता तिच्याकडं बघून एकदा हसायचे, दुकानदार बघत असो नसो. खालच्या कोऱ्या ओळीचंही सांगितलं. मग तो थांबला, कारण पुढचं वाक्य उरलं होतं. "आमच्या पेपरात रक्षाविसर्जन उद्या म्हणून आलंय. ते चुकीचं हाय. आजच हाय, शनिवारी, नऊ वाजता, पंचगंगा घाटावर. मी कृष्णात चौगुले. ही बातमी मी तपासली होती. चूक माझी हाय. ज्यांच्या दुकानावर, गिरणीवर, गाडीवर आण्णांचं अक्षर हाय त्यांनी या. आणि ज्यांना हे कळणार न्हाय, त्यांना तुम्ही सांगा."

निशिगंधानं मोबाईल खाली घेतला. तिचे डोळे भरले होते आणि ते लपवायच्या भानगडीत ती पडली नाही. "दोन मिनिटं अकरा सेकंद," ती म्हणाली आणि तिथंच उभ्या उभ्या तिनं ते सगळीकडं पाठवून दिलं. चहावाल्यानं दोन कप आणून ठेवले आणि म्हणाला, "चौगुले, ती पायताणाची गोष्ट मी रोज बघायचो ओ. पण बघितलंच न्हवतं." तेवढ्यात गाड्यावरच्या एकाचा मोबाईल वाजला आणि त्यातून कृष्णातचाच आवाज यायला लागला. आपला आवाज असा आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. थोडा बसका, त्याच्या गावच्या, उचगावच्या वळणाचा, कितीही शहरात राहिलं तरी न गेलेला. त्याला लाज वाटली आणि मग ती सरली. गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी मोठ्यानं ओरडून पलीकडच्या माडीवर सांगत होतं, "आगं, आजच हाय म्हनं! उद्या न्हाय, आज!" ही जुनी रीत. पेपर, फळा, मोबाईल हे सगळे तिच्यामागनं आले. कृष्णातला एकदम वाटलं की आपण इतके दिवस कागदालाच धंदा समजत होतो. धंदा हा होता. माडीवरच्या माणसाला ऐकू जाईल असं सांगणं.

घाटावर ते पावणेनऊला पोचले तेव्हा घरची आणि तालमीची मिळून वीसेक माणसं होती. आण्णांचा मुलगा पुढं आला. "साहेब, फॉर्मात उद्या मीच लिवलंतं," तो म्हणाला. "तुम्ही काल लिहिलंत, काल ते बरोबरच होतं," कृष्णात म्हणाला. "आज बघायचं काम माझं होतं." मुलानं त्याचा हात दोन्ही हातांत धरला. नऊला पाच कमी असताना मोटरसायकली यायला लागल्या. हाताला पीठ लागलेला गिरणीवाला, शटर अर्धं ओढून आलेले दोन दुकानदार, सकाळचा तो दूधवाला रिकाम्या कॅनांसकट. पूर आल्यावर तालमीनं मदतीला हाक द्यावी आणि गल्लीगल्लीतून माणसं निघावीत तसे ते येत राहिले. कुणी कुणाला ओळखत नव्हतं. एकमेकांना सांगत होते ते एवढंच, 'आमची पाटी आण्णांची.' नैवेद्य ठेवल्या ठेवल्या कावळा शिवला. आण्णांनी कुणाला ताटकळत ठेवलं नव्हतंच कधी. कृष्णात नैवेद्याच्या पानाकडं बघत होता. एका कोपऱ्यात कुणीतरी शेंगाची पोळी ठेवली होती. त्यानं नजर वळवली नाही. तानाबाई, त्यानं मनात म्हटलं, आजचा निवद पोचला बघा.

माणसं पांगायला लागली तेव्हा एक म्हातारी त्याच्यासमोर येऊन थांबली. बरोबर सून होती, तिच्या हातात मोबाईल. "ह्या आमच्या अक्का," सून म्हणाली, "उचगावास्नं आलोय. तुमचं ऐकलं आन् लगीच रिक्षा केली." अक्कांनी कृष्णातला नीट न्याहाळलं. "पेपरात मरणाचं लिवनारं तुमीच न्हवं?" तो होय म्हणाला. त्यांनी कमरेची चंची काढली. सुपारी, अडकित्ता, आणि तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक कात्रण. चार वर्षांपूर्वीचं. सातवं पान. बारीक अक्षरात नावांच्या ओळीच ओळी आणि त्यातल्या एकीखाली पेनानं रेघ मारलेली. कृष्णातनं ते पान ओळखलं. त्या पानाची अक्षरजुळणीसुद्धा त्याला पाठ होती.

"आमचं मालक," अक्का म्हणाल्या. "त्येंच्या टेंपोवर आण्णांनी नाव काडल्यालं. दवाखान्यात नेलं त्ये परत दावलंच न्हाय कुनी. घाट न्हाय, निवद न्हाय, कोन आलं न्हाय, गेलं न्हाय. पेपरात फोन केलता सुनंनं. फोन घेनारा बाबा म्हनला, नाव-वय-गाव सांगा, बास."

निशिगंधा दोन पावलं मागं उभी होती. कृष्णातला वाटलं, आता खाली बसावं. तो घाटाच्या पायरीवर बसला. अक्काही शेजारी बसल्या, गुडघा धरत. "तो फोन घेणारा मीच होतो, अक्का," तो म्हणाला. सत्तावीस वर्षांपूर्वी जे धाडस झालं नव्हतं ते आज एका सकाळीत पुन्हा पुन्हा झालं. अक्कांनी त्याच्याकडं बघितलं. रागावल्या नाहीत. "तुमास्नी तरी काय," त्या म्हणाल्या, "तवा सगळ्यास्नीच घाई हुती. पर आता न्हाय न्हवं घाई?"

"न्हाय," कृष्णात म्हणाला. "आता न्हाय."

त्यानं सदऱ्याच्या खिशात हात घातला. पेन होतं. वही नव्हती. हाताला आला तो चार घड्यांचा कागद. त्यानं तो उलगडला. 'महोदय, वयोमानानुसार...' खाली सही, तारीख, सगळं यथासांग. आज संध्याकाळपर्यंत हे द्यायचं होतं. त्यानं कागद उलटा केला. मागची बाजू स्वच्छ कोरी होती. त्यानं तो मांडीवर पेपराच्या घडीवर ठेवला आणि हातानं सपाट केला. निशिगंधानं ते बघितलं, पुढं आली आणि पायरीवर त्याच्या दुसऱ्या बाजूला बसून मोबाईल अक्कांच्या जवळ धरला.

"नाव सांगा, अक्का," कृष्णात सवयीनं म्हणाला.

अक्कांनी कात्रणाची घडी घातली आणि चंचीत परत ठेवली.

"नाव कशाला? नाव आलतं की पेपरात," त्या म्हणाल्या. "आता मी माणूस सांगते. लिवा."